पृथ्वीचा चतकोर

आमचे मामा शाळांसाठी पृथ्व्या बनवायचे, कागदाच्या लगद्याच्या. आधी नारळाएवढा पिवळा अंतर्गाभा. तो वाळला की त्यावर नारिंगी बाह्यगाभा, मग तांबडं जाडजूड प्रावरण आणि सगळ्यात शेवटी भूकवच, जेमतेम दोन कागदांचं. "एवढ्याशा पापुद्र्यावर माणसं किती मिजास करतात!" असं मामा दर वेळी म्हणायचे आणि आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचो.

मग करवत यायची. चतकोर कापून काढला की आतले थर दिसत. पृथ्वी शाळेत जाई, चतकोर घरात राही. एक स्वयंपाकघराच्या दाराला टेकण म्हणून, एक टेबलाच्या लंगड्या पायाखाली. "सगळ्या जगाचा पसारा माझ्याच डोक्यावर," मामी कुरकुरायच्या. लगदा मळायच्या त्याच, पण करवतीला हात लावायचा नाही. तो मान मामांचा. खरं सांगते, मला याचा राग यायचा.

मग मामांचा हात थरथरायला लागला. त्यांचा कप बशीत वाजायचा आणि आम्ही ऐकू न आल्यासारखं करायचो. त्यातच एका शाळेने भली मोठी पृथ्वी मागितली. थर चढले, वाळले, आता कापणं तेवढं उरलं. करवत जरा वाकडी गेली की सगळ्या मेहनतीवर पाणी. मामा रोज करवत काढायचे, पुसायचे आणि परत खुंटीला लावायचे.

एका सकाळी मामींनीच ती खुंटीवरून काढली. "तुम्ही पृथ्वी धरा."

"तुला जमेल?"

"लगदा कोणी मळलाय? कुठे मऊ, कुठे कडक, मला विचारा."

मामांनी गोळा छातीशी घट्ट दाबून धरला. मामी सावकाश कापत गेल्या. चतकोर अलगद सुटला. तांबडा, नारिंगी, पिवळा, सगळे थर स्वच्छ, कड सरळ. मामा बघतच राहिले.

"माझ्यापेक्षा सरळ आलंय."

"एवढं ऐकायला जन्म गेला," मामी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. भुसा गेला म्हणे.

दुपारी वाऱ्याने कामाच्या खोलीचं दार आपटायला लागलं. मी सवयीने नवा चतकोर उचलून दाराशी नेला.

"तो ठेव खाली!" मामा ओरडले. "दाराला लावायचा नाही. हिने कापलाय तो."