ओढ्याकडचं पांढरं रान

आमच्याकडं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर बहिणींनी मुकाट्यानं सही करायची असते. मग भाऊ दिवाळीला साडी घेतो आणि माहेर शाबूत राहतं. मी सही केली नाही. तेव्हा थोरल्या भावानं पेठ वडगावजवळच्या आमच्या शेतातला ओढ्याकडचा तुकडा माझ्या वाट्याला काढला. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून तिथं मीठ वर आलं होतं. उन्हाळ्यात माती पांढरीफटक दिसायची.

"दोन वर्सांत कायतरी जगवून दाखव, न्हायतर सही कर की," दादा चारचौघांत म्हणाला. रागाच्या भरात मी "व्हय" म्हणून बसले.

पहिल्या वर्षी आंब्याची तीस रोपं लावली. पानांच्या कडा करपल्या. आम्हा उसवाल्यांना झाड सुकलं की पाण्याशिवाय दुसरा उपाय सुचत नाही, म्हणून मी पाट फोडत राहिले. दिवाळीपर्यंत तीसच्या तीस रोपं मेली. खालचं मीठ मीच मुळांपाशी आणून ठेवलं होतं. दादाला दिसू नये म्हणून मी ओढ्याकडं तोंड करून रडले.

समोर काठावर, त्याच मिठात, करंज हिरवागार उभा होता. त्याला कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. दादा माझ्यावर सही लादत होता, तसाच मी या मातीवर आंबा लादत होते. माझी मलाच लाज वाटली.

मग ओढ्यापर्यंत खोल चर खणून घेतला. पावसाचं पाणी मातीतलं मीठ घेऊन त्यातून निघून जाऊ लागलं. उंच वरंबे घालून करंज, बोर आणि शिरीष लावले. शिरीष निम्मे गेले. गावातले हसायचे, "ताई, करंज काय खायाचा हाय व्हय?"

"खायाचा न्हाय, टिकवायचा हाय," मी सांगायचे.

मुदत सरली तेव्हा करंज माझ्या खांद्याला लागले होते. दादा आला, रोपांमधून चालत चरापर्यंत गेला. सहीचं नाव काढलं नाही. त्याच्या स्वतःच्या उसाची कड आता पांढरी पडत होती आणि तिथलं पाणी ओढ्याला जायला वाट एकच होती, माझ्या रानातून.

"मीबी चर काढतो म्हणतोय," तो हळूच म्हणाला.

"काढ की," मी म्हटलं. "पर आधी मालकिणीला इचार."