स्वतःच्या घरचा सांगावा

१२ फेब्रुवारी १९५३ रोजी घाटकोपरच्या चाळींत राहणाऱ्या कोकणातल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या पेटीत एकशे त्रेसष्ट रुपये नऊ आणे होते. पेटी चिटणीस सहदेवच्या खोलीत असे. त्याच खोलीत त्या पहाटे त्याची बायको वनमाला वारली.

मंडळाची रीत अशी, की ज्याच्या घरी मयत त्याने कुणाला बोलवायला जायचं नाही. चिटणीस खोल्याखोल्यांतून सांगावा धाडतो आणि पेटीतून सामान आणतो. मात्र चिटणिसाने स्वतःच्या घरासाठी पेटीला हात लावायचा नाही. दोन्ही कलमं सहदेवनेच लिहिलेली. ती एकाच दिवशी आपल्याच दारात येतील हे त्याला सुचलं नव्हतं.

तो उंबऱ्याशी बसून राहिला. दहा वाजले. रडू येत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी वाळीत टाकायला बंदी करणारा कायदा आला, तेव्हा तो सभेत म्हणाला होता, "सरकार माणसाला सुटा करतंय. ज्याची त्याची मर्जी म्हणे! कोर्टाला मयत उचलता येत नाही. त्याला गावकी लागते, आणि गावकीला धाक लागतो. धाक काढलात, तर त्या जागी काय ठेवणार?" पुढे एकसष्टांतले सत्तावीस सभासद मंडळातून सुटले. आज कुणीच आलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, हेच आपण सांगत होतो.

साडेदहाला धाकू आला. मुलीने गोराईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं म्हणून सत्तेचाळीस साली मंडळाने त्याला वाळीत टाकलं होतं. कागदावर सही सहदेवची. त्याच साली धाकूची आई वारली; खांदा द्यायला कुणी आलं नाही, त्याने तिला हातगाडीवरून मसणात नेलं. कायदा आला तरी त्याला कुणी परत घेतलं नव्हतं.

"नळावर शेजारणीन सांगल्यान," धाकू म्हणाला. "तू कोणाक सांगलंस?"

"घरच्याने सांगायची रीत नाही."

"मगे लोकांका सपान पडतला? आणि शिव्या कायद्याक! ऊठ, पाणी तापव."

धाकू खोल्याखोल्यांतून फिरला. सामान त्यानेच पदरच्या पैशाने आणलं. बारापर्यंत एकोणीस माणसं जमली. सुटलेल्यांपैकीही सात होते. "अरे, कळवायचं तरी," म्हणत त्यांनी खांदा दिला.

तेराव्यानंतर सहदेव धाकूकडे सामानाचे पैसे घेऊन गेला. धाकूने ते परत सारले.

"माझ्या थकलेल्या वर्गणीत घाल."

त्यासाठी त्याचं नाव सभासदांच्या वहीत लिहावं लागलं असतं. सहदेवने घरी येऊन वही उघडली, टाक बुडवला. निब वाळेपर्यंत तो बसून राहिला.

त्याला तीन वर्षं झाली. वहीत नाव नाही. सहदेवच्या डोक्यावर धाकूचं सत्तावीस रुपये सहा आणे देणं आहे.