मोत्या उतारावर बसला

मंडळी, गावात पेपर एकच येते, म्हणून त्यातल्या बातम्या रोज मी चावडीच्या या फळ्यावर लिहितो. आज मात्र आमच्या कुत्र्याची, मोत्याची बातमी वाचा.

दोन महिने झाले, रोज संध्याकाळी मी त्याच्यापुढं भाकर ठेवतो अन् म्हणतो, "थांब!" तो बसते. "खाय" म्हटल्यावरच उठते. माय हासे, "कुत्र्याची शाळा कायले भरवून राह्यला रे?"

आज सकाळी मी अन् मोत्या वावरातून परत येत होतो. समोरून नाल्याच्या उतारावर कापूस विकाले निघालेली आमचीच बैलबंडी आली. भाऊ हाकत होता, वर माय बसली होती. तिले पाहून मोत्या भुंकत थेट बैलांच्या पायात घुसाले धावला. बैल बिचकले, बंडी कलली.

मी जीव तोडून ओरडलो, "थांब!"

मोत्या जागीच बसला. भावानं बैल सावरले.

मंग मोत्या काही उठेना! "चाल" म्हटलं, ओढलं, तरी नाही. शेवटी माय खाली उतरली. शिदोरीतली अख्खी भाकर तिनं त्याच्यापुढं ठेवली अन् म्हणाली, "खाय, बाप्पा."

तुमच्या घरी असा रोजचा एखादा नेम हाये का, मंडळी? मले तर आता सुट्टीच नाही. आत्ता संध्याकाळी इकडं फळ्यावर लिहाले निघतानी मायनंच हटकलं, "कुठं चालला? शाळेची येळ झाली ना!"