भाकरीपुरतं लोकेशन

धारूरच्या घाटात गाडी पंक्चर झाली, तेव्हा मेंढरं चारणारी एक बाई भेटली. खांद्यावर घोंगडी, हातात फोन. तिनं सुनेला लाइव्ह लोकेशन पाठवलेलं. त्या खुणेवर सून भाकरी घेऊन आली. फडकं सोडायच्या आधी बाईनं लोकेशन बंद केलं.

“का हो मावशी?” मी विचारलं.

“भाकर आली की! सुनंच्या फोनात भावकी डोकावती. तिला चाऱ्याचा पत्ता लागला, तर उद्या हितं काडी उरायची न्हाई.” कुत्र्याला तुकडा टाकत ती म्हणाली, “हे बी समदं बघतंय, पन सांगतंय फकस्त मला.”

काय बाई होती! फोन तिनं कुत्र्यासारखाच कह्यात ठेवला होता.

संध्याकाळी घरी आलो, तर माझा फोन विचारत होता, ‘धारूर घाट कसा वाटला?’

मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.