दोनाच्या घरचा सालींचा मुरंबा

बल्गेरियातल्या आमच्या सेव्हलिएव्हो गावात दोनाला सगळे चिक्कू म्हणायचे. मीही म्हणायचे. तीस वर्षांच्या शेजारात तिने मला वाटीभर साखर कधी उसनी दिली नाही.

पण ती काही चिक्कू म्हणून जन्मली नव्हती. सात वर्षांची असताना बाप गेला. तिची आई, तोता, लोकांचे कपडे धुवायची. उन्हाळ्यात शेजारी कलिंगड खाऊन साली डुकरांसाठी ठेवत. तोता लेकीला बादली देऊन पाठवायची आणि "आमच्या डुकराला हव्यात" असं सांगायला लावायची. घरात डुक्कर नव्हतं; त्या सालींचा तोता मुरंबा करायची. वरची हिरवी साल तासायची, आतला पांढरा भाग चुन्याच्या निवळीत भिजवायचा, म्हणजे पाकात शिजूनही तो कुरकुरीत राहतो. हिवाळ्यात त्यांच्याकडे गोड म्हणून तेवढंच असायचं. टाकायचं ते आधी चाखून बघावं, असं तोता म्हणे. दोनाने ते जन्मभर पाळलं.

तिची मुलगी यानित्सा याच मुरंब्यावर वाढली आणि शाळेत पोरींनी तिला "सालवाली" म्हणून रडवलंही. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात प्लोवदिवहून तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, ल्युबेनचे आईवडील लग्नाचं पक्कं करायला येणार ठरलं, तेव्हा ती आईला म्हणाली, "एक दिवस हात सैल सोड गं. त्या साली टेबलावर आणू नकोस. हसतील ती माणसं."

दोनाने वाद घातला नाही, नाही आणणार असा शब्द दिला. चॉकलेटचा मोठा डबा आणला. पैसे देताना तिचा चेहरा दाढ उपटून घेतल्यासारखा झाला होता. मी दुकानात तिच्याबरोबरच होते.

पाहुणे आले. कॉफी मी केली. दोनाने डबा पुढे केला, पण ल्युबेनची आई रुसान्का त्याला हात लावेना. आमच्यात पाहुण्याला आधी चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा ग्लास द्यायचा असतो. एका माणसाला एकच चमचा. तो दिला नाही, तर आलात तसे चालते व्हा, असाच अर्थ होतो. साली लपवायच्या घाईत मायलेकी नेमकं हेच विसरल्या होत्या. रुसान्काने पर्स मांडीवर घेतली आणि बस चुकेल म्हणून नवऱ्याला उठवलं.

दोनाने लेकीकडे पाहिलं. शब्द दिला होता, म्हणून ती हलली नाही. यानित्साच उठली. तिने फडताळातली बरणी आणि पाणी आणलं. रुसान्का पुन्हा बसली, चमचा तोंडात घातला, कुरकुर चावला.

"नासपती का हो ही?"

हो म्हटलं की विषय संपत होता. दोनाने त्यासाठी तोंडही उघडलं होतं.

"कलिंगडाच्या साली आहेत," यानित्सा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आई लहानपणी लोकांच्या दारांतून गोळा करून आणायची. माझ्या घरचं गोड हेच आहे."

मला रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही. दोनाने बरणी स्वतःकडे ओढली, रुसान्कापुढे केली.

"अजून एक चमचा घ्या, विहीणबाई."

तीस वर्षांत दोनाने कुणाला दुसरा चमचा विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.