चाकवाल्या पणजोबांचं श्राद्ध

सन दोन हजार एकवीस. सप्टेंबर अखेर, पितृपंधरवडा. सिडनीत मात्र वसंत आणि वर लॉकडाऊन. हे नीट ध्यानात ठेवा. कारण पुढे मी जी माती खाल्ली, ती पूर्ण शुद्धीत आणि पंचांग बघून खाल्ली. हसायचं ते शेवटी. मध्येच हसलात तर चहा टाकून उठेन.

माझी शाळा चौथीपर्यंत. सुतारकीत मात्र पन्नास वर्षं काढली. आडनावही सुतारच. मुलाकडे सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात तीन महिन्यांसाठी आलो आणि दीड वर्ष अडकलो. रिकामे हात मला सोसत नाहीत. शेजारी मिक डोलन राहायचा. वय चौऱ्याऐंशी, मूळ घराणं आयर्लंडचं, घरात एकटा. त्याने माझी तगमग पाहिली आणि कुंपणावरून हत्यारांची पेटीच दिली. रंधा, पटाशा, करवत!

"कीप इट, मेट."

फुकटचं मी घेत नाही. सूनबाईला, स्वातीला, मध्ये घातलं. "विचार त्याला, बदल्यात काय करू?"

मिक म्हणाला, पणजोबा आयर्लंडहून बोटीने आले, गाड्यांची चाकं बनवायचे. पुरलंय कुठे, कुणाला ठाऊक नाही. "माझं ऑपरेशन आहे. नाही उठलो तर? त्याआधी त्यांची जागा तेवढी कळावी."

"आडनाव डोलन, धंदा चाकाचा? आठ दिवसांत शोधून देतो!"

"बाबा, असे शेकडो डोलन असतील इथे," स्वाती म्हणाली.

"आडनाव एक, धंदा एक, म्हणजे भाऊकी एक. त्याला कागद कशाला लागतो?"

पाच किलोमीटरच्या आत फिरायला मुभा होती. मिकच्या टपालपेटीवरची अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि जुन्या दफनभूमीत रोज फेऱ्या सुरू केल्या. सहाव्या दिवशी सापडले! वरचा अर्धा दगड शेवाळाने झाकलेला, पण खाली अक्षर न् अक्षर जुळणारं डोलन. आणि त्याखाली कोरलेलं काय? चाक! आरे, मधला तुंबा, सगळं जिथल्या तिथे. आता तुम्हीच सांगा, चाकवाल्याशिवाय चाक कोण कोरून घेईल?

दुसऱ्या दिवशी स्वातीला ऑफिसची मीटिंग बुडवायला लावून तिथे नेलं. फोनवर मिक दिसत होता. टाय लावून बसला होता बिचारा, डोळ्यांत पाणी. मी टोपी घातली, भात आणि खीर मांडली. कारागीर माणूस, म्हणून चिमूटभर तंबाखूही ठेवली. ख्रिश्चन असले म्हणून काय झालं? पितर ते पितर! हात जोडून मोठ्याने म्हणालो, "पणजोबा, तुमचा वंश वाढला! मिक धरून एकतीस जण आहेत!"

तोच वरून एक काळापांढरा मॅगपाय पक्षी सुटला आणि माझ्या टाळक्यात चोच! टोपी उडाली.

"बाबा, पळा! त्यांचे पिल्लांचे दिवस आहेत!"

"पक्षी नाही तो! पणजोबा रागावलेत. काहीतरी इच्छा राहिली असणार!"

दुसरी चोच!

"तंबाखू कमी पडली!" मी आणखी चिमूट टाकली.

तिसरी चोच! आता मात्र मी तांब्याभर पाणी दगडावर ओतलं आणि माफी मागत खसाखसा घासायला लागलो. शेवाळ निघालं. स्वाती वाचायला वाकली.

"बाबा, ही बाई आहे."

"कोण बाई?"

"सिस्टर कॅथरीन डोलन. नन! आणि चाक ही संत कॅथरीनची खूण आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असंच होतं."

म्हणजे जन्मभर लग्न न केलेल्या साध्वीच्या पदरात मी एकतीस पोरंबाळं घातली आणि वर तिला तंबाखू चारली!

फोनमधून आवाज येईना. वाटलं, म्हातारा रडतोय. बघतो तर काय? हसून हसून खुर्चीतून निम्मा खाली घसरला होता.

संध्याकाळी पेटी घेऊन कुंपणाशी गेलो. "काम झालं नाही. ही परत घे."

"अजिबात नाही," मिक म्हणाला. "रविवारी सगळे डोलन कॉम्प्युटरवर जमणार आहेत. तू त्यांना हे सांगायचं. उभं राहून. तंबाखूसकट."

मी! ज्याच्यासमोर मुलगा अजून आवाज चढवत नाही, तो मी! पण देणं ते देणं. रविवारी मिकच्या अंगणात, मास्क लावून, कॉम्प्युटरसमोर उभा राहिलो. स्वाती इंग्रजीत सांगत होती, मी करून दाखवत होतो. मॅगपाय तर मला तीनदा करायला लावला. तीस चौकोनांत तीस डोलन लोळत होते.

त्यातली मिकची त्र्याण्णव वर्षांची चुलतबहीण डोळे पुसत म्हणाली, "चाकवाला ना? तो सिडनीत नाहीच. गोलबर्न गावात पुरलाय. माझ्याकडे फोटो आहे."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मिक ओरडला.

"कुणी विचारलंच नाही!"

तिने फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. साधा दगड. डोलनचं नाव आणि खाली त्याचा धंदा. चाक नावालाही नाही.

मिक खुर्ची ओढत पुढे सरकला. पडद्यावर बोट ठेवलं, ते बराच वेळ काढलं नाही.

देणं फिटलं.