मधली पट्टी

माझा स्वभाव तापट. आता सत्तरी उलटली तरी वयनीपुढे, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोपुढे सोडून कुणापुढे माझी मान खाली जात नाही. ती का जाते, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरबीडपासून कोसभर आत आमचं गाव. वडिलांनी मरण्याआधी वावराची वाटणी केली ती आमच्याकडे करतात तशी, उभी. वर चढावर बरड, मुरमाड जमीन. खाली नाल्याकाठी काळी. आडवी वाटणी केली तर एकाला नुसतं बरड आणि एकाला नुसती काळी जायची. म्हणून दोरी धरून वरपासून नाल्यापर्यंत तीन पट्ट्या पाडल्या. मधली मोठ्याची, म्हणजे दादाची. डावीकडची माझी, उजवीकडची धाकट्याची. कुणाच्या वाट्याला कमी नाही, जास्त नाही. मातीच्या बाबतीत वडील मोठे न्यायी होते, पण पाण्याचा विचार त्यांनी केला नव्हता. तेव्हा कुणीच करत नसे.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. लागोपाठ पावसानं दगा दिला, विहिरींचे तळ दिसले, घरोघर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या. त्या भाकरीचा वास अजून नाकात आहे. तेव्हा देऊळगाव राजाला चार दिवसांचं शिबिर निघालं. दुष्काळात गावानं कसं टिकायचं, पडेल ते पाणी कसं अडवायचं, माती कशी धरून ठेवायची, बियाणं कसं राखायचं, हे शिकवणार होते. प्रत्येक गावातून एक माणूस हवा होता, लिहिता-वाचता येणारा. मी सातवी झालेला. दादाला सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. मी त्याला न विचारता नाव देऊन टाकलं आणि सकाळच्या गाडीनं निघून गेलो. आदल्या दिवशी तो गावातल्या चार जणांना विचारत फिरला होता की आपल्याला नुसतं बसून ऐकता येईल का. हे मला फार उशिरा कळलं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी अंगणात मातीचा उतार करून घेतला. बोटानं उभ्या रेघा मारल्या आणि म्हणाले, समजा ही तुमची वावरं. मला पुढं बोलावून हातात तांब्या दिला. मी पाणी ओतलं, माती वाहून गेली. मग त्यांनी उताराला आडवा, एका पातळीत, चिखलाचा बांध घातला. मी पुन्हा ओतलं, पाणी थांबलं आणि मुरलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बांधात मधोमध अंगठा दाबून फट पाडली. या वेळी दोन्हीकडचं पाणी बांधाला लागून फटीकडे धावलं आणि खालची माती अशी कापत गेलं की तळाची फरशी दिसली. साहेब म्हणाले, बांध सगळ्यांनी मिळून घालायचा, एकाचं मोकळं सोडलं तर त्याचं वावर गेलंच समजा. नाहीच जमलं तर बांधाची टोकं वर वळवा आणि मधल्या फटीत, पाणी सावकाश उतरायला, दगडांचा सांडवा बसवा. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. चित्रसुद्धा काढलं.

परत आलो तो हवेत. ओसरीवर दादा माझी वाटच पाहत होता. वयनीनं पाणी दिलं. दादानं विचारलं, काय काय शिकवलं बा तिथं, सांग तरी. त्याच्या आवाजात किती हौस होती, ते आज कळतं. मी वही पिशवीत घातली आणि वयनीदेखत म्हणालो, "तुले नाही समजनार ते, दादा."

बास, एवढंच. तो बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

पुढच्या आठवड्यात मी आणि धाकटा ओळंबा आणि खुंट्या घेऊन वावरात गेलो. माझ्या पट्टीतून सुरू झालेली खुंट्यांची रांग मधल्या पट्टीच्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीवर, पोचली, तर तिथे दादा उभा. माझ्या वावरात कुदळ लागणार नाही, म्हणाला. मी कारण विचारलं. तो म्हणाला, मला समजत नाही ना, मग मला विचारू पण नको.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं दादाचे पाय धरले असते. दोन शब्द नरमाईचे बोललो असतो तर दादा विरघळला असता, तो होताच तसा. पण माझ्या डोक्यात राख. नको तर नको, म्हटलं. धाकटा हळूच म्हणाला की मग टोकं तरी वर वळवू, दगड आणू. मी त्याच्यावर खेकसलो. आपल्या हद्दीत आपलं काम, त्याच्या हद्दीतलं पाणी त्याचं तो पाहील. महिनाभर आम्ही दोघं खपलो. माझा बांध दादाच्या धुऱ्याला येऊन थांबला, धाकट्याचा पलीकडच्या धुऱ्याला. मधे दादाची पट्टी उघडी. अंगणातल्या त्या उतारासारखीच. मला ते दिसत होतं. मुद्दाम काही व्हावं असं मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण एकदा त्याला कळावं, माझं ऐकायला हवं होतं असं वाटावं, एवढं मनात होतं. आणि तेवढं पुरे झालं.

त्या वर्षी पाऊस आला. पेरण्या झाल्या, ज्वारी बोटभर वर आली, आणि एका दुपारी तासभर असा कोसळला की समोरचा बैल दिसेना. थांबल्यावर आम्ही तिघं भाऊ वावराकडे धावलो. माझ्या आणि धाकट्याच्या पट्टीत बांधाशी पाणी तुंबून राहिलेलं, पीक जागच्या जागी. मधल्या पट्टीत वरपासून खालपर्यंत कमरेएवढी घळ पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी माती खरवडून गेलेली, ज्वारीचं नाव नाही. वरचं बरड गेलं, खालची काळी गेली, उरला तो पांढरा मुरूम. मागून वयनी आली आणि धुऱ्यावर बसली.

दादा घळीत उतरला. तळाचा मुरूम मुठीत घेऊन पाहिला. मग वर माझ्याकडे बघून त्यानं विचारलं. आवाज चढवला नव्हता, नुसतं विचारलं.

"तुले शिकवलं व्हतं काय रे तिथं, मधात मोकळं सोडलं तं असं होते म्हून?"

मी म्हणालो, "नाही."

तो मान हलवून वर आला. त्या दिवसापासून कुणी मला बोल लावायला लागलं की हा आडवा यायचा. त्याले कुणी सांगतलंच नव्हतं, त्याची काय चूक, मीच अडून बसलो, असं पाराच्या ओट्यावर बसून सांगायचा. मी मूग गिळून ऐकायचो.

पुढच्या साली मधला बांध त्यानं स्वतःच्या हातानं जोडला. पण गेलेली माती बांधानं परत येत नाही. दर उन्हाळ्यात तो आणि वयनी नाल्यातला गाळ टोपल्यांनी वर वाहत. घळ बुजायलाच किती उन्हाळे गेले. मी मदतीला गेलो की दादा म्हणायचा, तू तुझं पाह्य, आमचं होते हळूहळू. त्या पट्टीत नंतर कधी धड कणीस भरलं नाही. वयनी लोकांच्या वावरात निंदणीला जाऊ लागली. एकदा माझ्याच वावरात आली, बायकांच्या रांगेत, पदर कमरेला खोचून. मी बांधावरून उठून घरी गेलो. तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

बऱ्याच वर्षांनी तसंच शिबिर आमच्या गावात आलं, शाळेच्या पटांगणात. नव्या साहेबांनी विचारलं, इथं बांधाचं काम कुणाला माहीत आहे? लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मान वळवली. तेवढ्यात दादा उठला. धोतर सावरत पुढे गेला, मातीचा उतार केला, आडवा बांध घातला, मधे अंगठ्यानं फट पाडली आणि तांब्यानं पाणी ओतलं. कुणी न शिकवता, त्या एका दुपारवरून, त्याला सगळं समजलं होतं. माती कापत पाणी खाली गेलं. दादा लोकांना म्हणाला, "हे पाहून ठेवा. आमच्या वक्ताले हे कोनी शिकवलं नव्हतं."

माझ्या घरी, ट्रंकेत, ती वही होती. चित्रासकट. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, तिथून उठून पुढे जायला चार पावलं पुरली असती. बसून राहिलो.

त्यानंतर दादा दोन वर्षं होता. रोज धुऱ्यावर भेट व्हायची. आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी दोन वर्षं घालवली. शेवटी तो तापाच्या निमित्तानं आठ दिवसांत गेला.

तेराव्यानंतर मी वयनीजवळ बसलो होतो. ती भिंतीकडे बघत हळूहळू बोलत होती. म्हणाली, तुमच्या भावाले कोनाचाबी राग लवकर येत व्हता, पन तुमचा कधी आला नाही. मी एकदा बोलली व्हती, भाऊजीनं जानूनबुजून केलं असंन. तं माह्यावरच चिडले. म्हने, "त्याले माहीत असतं तं त्यानं सांगतलं नसतं काय मले?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं असतं ना, भाऊजी?"

मी म्हणालो, "हाव वयनी, सांगतलं असतं."